अंगेरूचा धक्का

ग्रीसच्या सालामिना बेटाच्या दक्षिणेला तांबड्या खडकाची एक लहान खाडी आहे. अठराशे अठ्ठावीस सालच्या हिवाळ्यात तिथे आम्ही चारेकशे माणसं राहत होतो. राहत होतो म्हणजे कोणी गुहेत, कोणी पाइनच्या फांद्यांच्या खोपटात, तर कोणी उलट्या करून ठेवलेल्या फुटक्या होडीखाली. मी ऐवालीची, समुद्रापलीकडच्या तेल-साबणाच्या गावची. तुर्कांनी आमचं गाव जाळलं त्याला सात वर्षं होत आली होती. नवरा तिथेच गेला आणि मी कडेवरची लेक मालामो घेऊन एका बेटावरून दुसऱ्या बेटावर अशी सरकत सरकत इथवर पोचले होते. मालामो आता आठ वर्षांची झाली होती. आपलं घर म्हणजे काय, ते तिला मी सांगेन तेवढंच ठाऊक होतं.

माझ्या खोपटाला लागून कीरा अंगेरूचं खोपट होतं. मोठ्या बाईला आमच्यात मानाने कीरा म्हणतात, आणि तिला तर सगळेच म्हणत. ती प्सारा बेटाची, एका कप्तानाची विधवा. बारा वर्षं नवऱ्याबरोबर त्याच्या गलबतावर राहिलेली. वेळ पडली तर सुकाणूही धरायची, असं तिच्या गावचे लोक सांगत. प्सारा तुर्कांच्या हाती पडलं त्या दिवशी तिची सून आणि दोन नातवंडं ज्या होडीत चढली ती होडी काठापासून हाकेच्या अंतरावर उलटली. अंगेरू काठावर उभी होती. तेव्हापासून तिने समुद्राकडे पाहिलं नव्हतं. इथे येतानाही म्हणे डोक्यावरून शाल घेऊन होडीच्या तळाशी पडून होती. तिच्या खोपटाचं दार डोंगराकडे होतं. ती दारात बसून सूत कातायची, आणि समोर शेळ्या नि काटेरी झुडपं याखेरीज काही नसायचं.

अमेरिकन डॉक्टर आला तो नाताळआधीच्या उपासाच्या दिवसांत. त्याचं नाव आसा लॉरिमर. वय सत्तावीस-अठ्ठावीस, उंच, आणि कान वाऱ्याने कायम लाल झालेले. मोठ्या बंदरात त्यांचं जहाज लागलं होतं, पीठ आणि कपडे घेऊन. तिथून लहान मचव्यांत माल भरून तो एकेका खाडीत वाटत हिंडत होता. ग्रीक त्याला येत होतं, पण ते तो तिकडच्या पाठशाळेत दोन हजार वर्षांच्या जुन्या पुस्तकांतून शिकला होता. पहिल्याच दिवशी वाळूत उभा राहून तो म्हणाला, "हे भगिनींनो आणि बंधूंनो, भय धरू नका. सागरापलीकडील जनांनी तुम्हांस हे धान्य धाडिले आहे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझ्यामागच्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, "पाद्री आहे का हा? शुभवर्तमान वाचतोय की काय?"

माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरने मालामोकडे बघितलं. "हे स्त्रिये, हे कन्यारत्न तुझेच काय?"

"माझंच," मी म्हटलं. "आणि रत्नाला कालपासून भूक लागलीय."

तो जरा गोंधळला, मग हसला. माझे शब्द त्याने तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवून पाहिले. तसं तो पुढेही करायचा. ईस्टरपर्यंत तो आमच्यासारखं बोलायला लागला, शिव्यांसकट.

पीठ मक्याचं होतं, पिवळंधमक. निखाऱ्यात भाजलेली भाकरी जड व्हायची, पण पोटात राहायची. सगळे रांगेत उभे राहिले. अंगेरू तेवढी आली नाही. चौथ्या दिवशी डॉक्टर स्वतः एक पिशवी घेऊन तिच्या दारात गेला. मी शेजारीच होते.

"कीरा, आपण धान्य घ्यावयास का आला नाहीत?"

"मी काही काम केलेलं नाही."

"हे कामाचे मोल नव्हे. हे दान आहे."

"म्हणूनच," अंगेरू म्हणाली आणि चाती फिरवत राहिली.

तो पिशवी माझ्याजवळ ठेवून गेला. मी तिला म्हटलं, "अहो कीरा, हा कसला ताठा? सगळं गाव घेतंय."

तिने चाती थांबवली. मग म्हणाली, "शेजारच्या खिओस बेटावर कत्तल झाली त्या वर्षी लोक होड्या भरभरून आमच्याकडे आले होते. चाळीस दिवस मी दारात पातेलं मांडून वाढत होते. फार बरं वाटायचं गं, झांबेता. आपण किती चांगल्या आहोत असं वाटायचं. आता आठवायला बसले तर त्या घेणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड आठवत नाही." तिने तुटलेला धागा जोडला. "तसं कोणी माझं तोंड विसरायला नको."

ती बेटावरच्या धनगरांची लोकर कातून द्यायची, त्यावर तिचं अर्धपोटी चालायचं. मी कामाला गेले की ती मालामोला सांभाळायची, म्हणून माझ्याकडची भाकरी घ्यायची. तेवढं तिला चालत होतं.

पुढच्या खेपेला कपड्यांच्या पेट्या आल्या. त्या दिवशी आम्ही कित्येक महिन्यांनी हसलो. झगे गळ्याशी उघडे आणि कमरेला मुंगीसारखे. त्यांत आम्ही कुठून मावणार? एका बाईने डोक्यात घालायची गवती टोपी उलटी करून तिच्यात कोंबडी बसवली. डॉक्टर लाजून दुसरीकडे बघत होता. बायकांनी सगळे झगे उसवून त्यांचे पोरांसाठी अंगरखे केले.

मी एक झगा अंगेरूला दाखवायला नेला. तिने तो अंगावर धरून पाहिला नाही. उलटा करून शिवणीवरून बोट फिरवत राहिली. "ही बाई घाईत नव्हती," ती म्हणाली. मग बाहीची शिवण चाचपून, "आणि ही बाही दुसऱ्या कोणाची आहे. लहान मुलीची. टाके बघ, कसे चालताना अडखळलेत."

डॉक्टर तिथून जात होता. तिने त्यालाच विचारलं, "या बायका आम्हाला ओळखतात?"

"नाही."

"मग कशाला शिवलं?"

"वर्तमानपत्रात वाचले," तो म्हणाला. "आमच्या गावी हिमात प्रार्थनाघरात जमून शिवीत बसत. माझी माताही."

"नुसतं वाचून एवढं शिवलं," अंगेरू म्हणाली. झग्याची घडी घालून तिने तो माझ्याकडे परत दिला.

आता धक्क्याची गोष्ट. आमच्या खाडीत मचवा आतपर्यंत येत नसे. आम्ही बायका-पुरुष कमरेएवढ्या थंड पाण्यात उतरून पोती खांद्यावर आणायचो. दर खेपेला तीन-चार पोती भिजायची आणि भिजलेलं पीठ दोन दिवसांत आंबायचं. शिवाय निम्मी माणसं खोकत होती. ते बघून डॉक्टरच्या मनाने घेतलं, इथे दगडी धक्का बांधायचा. जो काम करील त्याला रोजचं पीठ कामाचं म्हणून मिळेल. आजारी, म्हातारे आणि तान्ह्या पोरांच्या आया यांना पूर्वीसारखंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोनशे माणसं हजर. काम मिळतंय म्हटल्यावर लोकांच्या चालण्यातच फरक पडला. डोंगरउतारावर कुठल्या तरी जुन्या तटाचे दगड पडले होते. पुरुष ते पहारीने सुटे करून ओंडक्यांवरून ढकलत आणायचे, बायका पाट्यांतून खडी आणि माती वाहायच्या. देखरेखीला थिमिओस गवंडी होता. तो एपिरसच्या डोंगरातला. नद्यांवर पूल बांधून हयात गेलेली, त्यामुळे हाताखाली दगड आला की त्याचा चेहरा उजळायचा.

संध्याकाळी मी परतले की अंगेरू विचारायची, "आज कुठवर गेले?"

"वीस पावलं."

"सरळ?"

"सरळ. काठाच्या मधोमध. तिथून खोल पाणी सगळ्यात जवळ आहे."

"हं," ती म्हणायची.

असं रोज. तीस पावलं झाली, हं. चाळीस झाली, हं. एकदा मीच वैतागून म्हटलं, "हं काय, कीरा? बरं चाललंय की वाईट, ते तरी सांगा."

"पहिल्या मोठ्या ओस्त्रियाला जाईल," ती म्हणाली.

ओस्त्रिया म्हणजे दक्षिणेचा वारा. हिवाळा सरताना तो दोन-तीनदा तरी येतोच. दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खाताना मी ते डॉक्टरला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. "त्यांनी येऊन बघितलं आहे का?"

"नाही. त्या समुद्राकडे बघत नाहीत."

थिमिओस शेजारी बसला होता. "न बघताच सांगते? मग माझे डोळे गेले की मलाही सगळं दिसायला लागेल म्हणायचं."

आजूबाजूचे हसले. डॉक्टर हसला नाही, पण उठून कामाला लागला. त्याला दोष कसा देऊ? मी तरी कुठे विश्वास ठेवला होता?

फेब्रुवारी सरता सरता ओस्त्रिया आला. पहिल्या दिवशी नुसतं आभाळ पिवळट झालं आणि हवा ओलसर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाटा खाडीत शिरायला लागल्या. सगळा गाव काठावर उभा होता. धक्का पन्नास पावलांवर गेलेला, थिमिओसने टोकाला मोठमोठे दगड एकमेकांत बसवले होते. लाट यायची, टोकावर फुटायची, धक्का हलायचा नाही. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

मग थिमिओसच्याच लक्षात आलं. "समोरून नाही," तो म्हणाला. "बाजूने येतंय."

खाडीच्या पश्चिमेला तो तांबडा खडक आहे, उभाच्या उभा. लाटा त्याच्यावर आपटून वळायच्या आणि तिरक्या येऊन धक्क्याच्या कुशीत घुसायच्या, जिथे आम्ही खडी आणि माती भरली होती. आधी पाणी गढूळ झालं. मग मधला भाग खचला. दुपारपर्यंत टोकाचे मोठे दगड पाण्यात एकटे उभे होते, त्यांच्या आणि काठाच्या मध्ये काही नव्हतं. संध्याकाळी तेही गेले. दगड सावरायला धावलेल्या थिमिओसच्या पायाची दोन बोटं चेंगरली. मेलं कोणी नाही, एवढीच देवाची कृपा.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. डॉक्टर काठावर एका दगडावर बसला होता. "दहा आठवडे," तो म्हणाला. आता त्याची भाषा पुस्तकातली राहिली नव्हती. "माझ्या लोकांना काय सांगू? तुमचे दगड समुद्रात टाकले म्हणून?" मग उठून म्हणाला, "काम बंद करू या. पीठ आहे तोवर मी आधीसारखं वाटत जाईन."

पीठ मिळणारच होतं, उपाशी कोणी मरणार नव्हतं. तरी बायका रिकाम्या पाट्या घेऊन उगाच उभ्या राहिल्या.

थिमिओसने पायाला फडकं गुंडाळलं होतं. तो लंगडत माझ्याकडे आला. "झांबेता, ती म्हातारी कुठे राहते?"

तो आणि डॉक्टर दोघे माझ्यामागून आले. अंगेरू दारात कातत होती. थिमिओसने टोपी काढली. "कीरा, मी डोंगरातला माणूस. आमच्याकडे पाणी एकाच बाजूने येतं."

अंगेरू हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने दोघांना बसायला सांगितलं, जमिनीवर राख पसरली आणि काडी थिमिओसच्या हातात दिली. "काढ खाडी. खडक किती उंच? खाली उभा आहे की उताराचा? पूर्वेला काय आहे?" तो काढत गेला, डॉक्टर दुरुस्त करत गेला, ती विचारत गेली. अर्धा तास असं चाललं. शेवटी तिने राख तळव्याने पुसून टाकली.

"असं नाही सांगता येत. पाणी बघावं लागतं."

"मग चला ना," डॉक्टर म्हणाला.

"नाही."

तो आणखी काही बोलणार होता. थिमिओसने त्याच्या दंडाला हात लावला आणि दोघे निघून गेले.

दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी मी रांगेत जायला निघाले तेव्हा तिने हाक मारली. "त्या पोराने खरंच काम बंद केलं?"

"कोणत्या पोराने?"

"त्या लाल कानांच्या."

"हो. आता पुन्हा पातेलं आणि पळी."

ती उठली. चाती आत ठेवली, शाल डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढली आणि म्हणाली, "माझा हात धर. आणि हळू चल, दगड आहेत."

अशा आम्ही काठावर आलो. लोक बाजूला झाले. ती एका दगडावर बसली, पाठ समुद्राकडे आणि तोंड डोंगराकडे करून. मग तिने कामं सांगायला सुरुवात केली. पोरांनी पाइनची सुकी बोंडं गोळा करायची, जितकी मिळतील तितकी. एका कोळ्याने होडीतून खाडीच्या तोंडाशी जायचं आणि ती मुठीमुठीने पाण्यात टाकायची. आणि मी तिच्याजवळ उभं राहून बोंडं कुठे जातात ते सांगायचं. त्या दिवशी वारा नव्हता, पण दक्षिणेच्या लाटांचा फुगवटा पाण्यात अजून शिल्लक होता. तो ओसरायच्या आतच पाणी बघायला हवं होतं, हे मला नंतर कळलं.

कोळ्याने पहिली मूठ टाकली.

"सांग," ती म्हणाली.

"चाललीत."

"कुठे?"

"तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"खडकाकडे. नाही, थांबा, परत वळली."

"सगळी?"

"काही."

"काही म्हणजे किती? वळून कुठे गेली? काठाच्या मधे की पूर्वेला?"

"अहो कीरा, बोंडं तपकिरी, पाणी गढूळ, मला काय दिसतंय त्यात? ती बघा, तिकडे काहीतरी तरंगतंय, ते बोंड आहे की लाकूड..."

"ऐवालीच्या बायका," अंगेरू वैतागून म्हणाली. "तेल आणि साबण सोडून तुम्हाला काही येतं का?" आणि तिने शाल मागे टाकली नि ती दगडावर सरळ वळून बसली.

मला वाटतं, वळल्यावरच तिला कळलं की आपण वळलो. तिचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले. ती बोंडांकडे बघत नव्हती. खाडीच्या तोंडाबाहेर, जिथे पाणी मोकळं होतं, तिथे बघत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. डॉक्टर जवळच होता, तो हलला नाही. मालामो तिच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. कोळ्याची होडी एकाच जागी वर-खाली होत होती, हातात बोंडांची मूठ धरून तो आमच्याकडे बघत होता.

मग अंगेरूने तोंडावरून एकदा हात फिरवला. "त्याला म्हणावं डावीकडे सरक," ती म्हणाली. "आणि एका वेळी एवढी टाकू नकोस, बोंडं आहेत, पक्ष्यांना दाणे नाहीत."

दुपारपर्यंत ती बघत राहिली. मधोमध टाकलेली बोंडं खडकाला लागून परत फिरायची आणि पूर्वीच्या धक्क्याच्या जागेवरून झपकन जायची. पूर्वेच्या कोपऱ्यात एक बुटका कातळ पाण्यात उतरला होता, फारसा कोणाच्या डोळ्यांत न भरणारा. त्याच्या मागे गेलेली बोंडं मात्र तिथेच थांबली. बारीक गोल फिरायची, पण जागा सोडायची नाहीत. अंगेरूने बोट दाखवलं. "तिथे."

"तिथून खोल पाणी लांब आहे," डॉक्टर म्हणाला. "दुप्पट दगड लागतील."

"मग दुप्पट लागतील."

थिमिओस तिच्या पायाशी बसून एकेक विचारत होता. कातळापासून सुरुवात करायची, बाहेर जायचं आणि कोपरासारखं वाकायचं. समुद्राच्या अंगाला उभी भिंत नको. मोठे दगड नुसते ढकलून द्यायचे, लाटेला चढायला उतार हवा. "चढता चढता दमते ती," अंगेरू म्हणाली. "भिंत दिसली की चिडते."

"आणि आत माती?"

"मातीचा चिमटासुद्धा नको. पाणी आत येऊ दे, बाहेर जाऊ दे. कोंडलंस की फोडणारच."

थिमिओसने मान हलवली. हयातभर शिकलेलं उलटं करायचं म्हणजे सोपं नव्हतं, पण त्याने केलं.

डॉक्टरने सगळ्यांसमोर जाहीर केलं, कीरा अंगेरूला दोन माणसांचं पीठ मिळेल. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "पाटी उचलणाऱ्या बाईला जेवढं, तेवढंच." त्या संध्याकाळी तिने पिठाची पिशवी स्वतः उचलून नेली, चूल पेटवली आणि भाकरी भाजली. एक तुकडा मला आणून दिला. "बघ, कच्ची आहे का?"

आतून कच्चीच होती. बारा वर्षं गलबतावर आणि पुढे मोठ्या घरात, तिने स्वतः किती भाजली असेल कोण जाणे. मी म्हटलं, "छान झालीय."

"खोटारडी," ती म्हणाली आणि तिची तिने सगळी खाल्ली.

त्यानंतर ती रोज काठावर यायची. तिच्यासाठी थिमिओसने एक सपाट दगड आणून ठेवला. ती फारसं बोलायची नाही, पण कोणी चुकीच्या जागी दगड ढकलला की तिची काठी जमिनीवर आपटायची. मालामो तिच्याजवळ बसून सूत गुंडाळायची. एकदा मी पाटी रिकामी करून येत होते तेव्हा मालामोने विचारलेलं कानावर आलं, "आजी, तुम्हाला नातवंडं आहेत?"

मी पुढे होऊन तिला दटावणार, तेवढ्यात अंगेरू म्हणाली, "होती. दोन. मोठी काँदिलो आणि धाकटा मिकेस. काँदिलो आज बारा वर्षांची असती."

"ती कुठे गेली?"

"पाण्यात," अंगेरू म्हणाली, आणि सुताचा गुंडा तिच्या हातातून घेऊन नीट केला. "घट्ट गुंडाळ. सैल राहिलं की गुंता होतो."

मी मागच्या मागे फिरले.

धक्का ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात पुरा झाला. दिसायला काही खास नव्हता. वाकडा, खडबडीत, कोणी सांडलेल्या दगडांसारखा. थिमिओसला तो बघवायचा नाही. "माझ्या गावच्या कोणाला सांगू नका हा मी बांधलाय म्हणून," तो म्हणायचा. एप्रिलच्या शेवटी पुन्हा ओस्त्रिया आला, फेब्रुवारीच्यापेक्षा थोडा हलका, पण दोन दिवस राहिला. अंगेरू दोन्ही दिवस आपल्या दगडावर बसून होती, केस विस्कटलेले, शाल खांद्यावर. लाटा उतारावर चढायच्या, दगडांमध्ये शिरायच्या आणि खळखळत परत जायच्या. वरचे चार-पाच दगड घरंगळले. थिमिओसने वारा पडल्यावर ते परत चढवले. पुढच्या आठवड्यात मचवा येऊन कोपराच्या आत लागला. त्या दिवशी आम्ही पोती खांद्यावर घेऊन चालत उतरलो आणि एकीचाही पाय भिजला नाही. डॉक्टरने एका पोत्याचं तोंड सोडून आत हात घातला आणि कोरडं पीठ अंगेरूला दाखवायला नेलं. तिने बोटाने चाखून पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्याकडचा मका आमच्यापेक्षा गोड आहे."

जूनमध्ये त्याला जायचं होतं. पेट्या रिकाम्या झाल्या होत्या आणि दुसऱ्या बेटावरून बोलावणं आलं होतं. सकाळी सगळे धक्क्यावर जमले. बायकांनी त्याच्यासाठी सुके अंजीर आणि विणलेले मोजे आणले. थिमिओसने त्याला मिठी मारली आणि एक अशी शिवी दिली की डॉक्टरचे कान अजूनच लाल झाले, पण अर्थ त्याला लागला. सामान मचव्यात चढलं होतं. शेवटी तो अंगेरूसमोर वाकला.

तिने आभाळाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "आज जाऊ नकोस," ती म्हणाली. "वारा फिरणार आहे. उद्या जा."

आभाळ स्वच्छ होतं. मचव्यावाला तोंड वाकडं करून म्हणाला, "कुठला वारा, आजी? पाणी तेलासारखं पडलंय."

डॉक्टरने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सामान उतरवायला सांगितलं आणि अंगेरूच्या शेजारी धक्क्यावर बसला. दिवसभर तो तिथेच होता. मी रानभाजी शिजवली, पोरांनी खडकावरची कालवं आणली, आम्ही तिथेच जेवलो. अंगेरूने त्याला त्याच्या आईबद्दल विचारलं, त्यांच्या गावच्या बंदराबद्दल विचारलं, हिमात होड्या कशा ठेवतात तेही विचारलं. त्यानेही तिला विचारलं आणि तिने त्याला तिच्या नवऱ्याच्या गलबताबद्दल सांगितलं. एका हिवाळ्यात अलेक्झांड्रियाहून येताना सुकाणू तुटलं तेव्हा तिने काय केलं, ते सगळं. आम्ही कोणी ते आधी ऐकलेलं नव्हतं.

वारा आला नाही. दुपार गेली, उन्हं उतरली, पाणी तसंच पडून राहिलं. मचव्यावाला दोनदा येऊन बघून गेला. डॉक्टर त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही.

दुसऱ्या सकाळी अंगेरू सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. डॉक्टर आला तेव्हा तिने वर न बघताच सांगितलं, "आता जा."